नुस्रतची उष्टी रोटी

उझबेकिस्तानातल्या फरगन्याच्या त्या कापूस खरेदी केंद्रावर सालोमतचा शब्द शेवटचा. मूठभर कापूस हातात घ्यायची, पिंजून बघायची आणि कचरा किती ते सांगायची; त्यावरच भाव ठरायचा. वेचणाऱ्या बायका मुकाट मानायच्या. बहीण गेल्यावर तिचा नुस्रत हिनेच वाढवला. तो ताश्कंदला शिकायला निघाला तेव्हा हिने त्याला ताज्या रोटीचा एक घास खायला लावला आणि उष्टी रोटी भिंतीला टांगली. तिकडची रीतच ती, माणूस परत यावा म्हणून: उरलेली त्यानेच परत येऊन खायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

नुस्रत शिकून परत आला तो एक पेटी घेऊनच. वाळकी रोटी चहात बुडवत मावशीला सांगू लागला, "सरकी काढलेला कापूस नळीतून पत्र्यावर फुंकायचा. नुसती रुई आपटली तर आवाज नाही. काडी, पाचोळा आपटला की टिक्. पेटी ते ऐकते आणि कचरा मोजते."

"मग माझं काय रे?"

"तू माझ्या शेजारी बसायचंस. फक्त बायकांना पटव. माझं कोण ऐकतंय?"

पटवलं बाई तिने. खोसियत म्हणून एक फटकळ वेचणारी होती. ती म्हणाली, "पेटीला तोंड नाही लाच खायला, पण पेटीवाल्याला आहे ना?" सगळ्या हसल्या. तेव्हा सालोमतने हातात रोटी धरून शपथ घेतली, की ही पेटी कुणाचा चांगला कापूस वाईट ठरवणार नाही. रोटीवरची शपथ, मग कोण काय बोलणार?

काही दिवस बरे गेले. मग खोसियतचा निवडून आणलेला कापूसही पेटी कचऱ्याचा ठरवू लागली. सालोमतने नुस्रतला गाठलं.

"पेटीचे कान जरा तिखट केलेत," तो खाली बघत म्हणाला. "आता धूळसुद्धा काडी म्हणून मोजते. केंद्राला माल स्वस्तात पडतो. त्या बदल्यात केंद्राचे साहेब मला ताश्कंदला मोठ्या जागेवर घेतायत, मावशी."

"कधी ठरलं हे?"

"पेटी आणायच्या आधी."

म्हणजे ती शपथ घेत होती तेव्हा हा शेजारी उभा होता, सगळं ठाऊक असून. परक्याने केलं असतं तर तिने केंद्र डोक्यावर घेतलं असतं. हा तिच्या ताटात जेवून मोठा झालेला.

बायकांना तिने स्वतः जाऊन खरं ते सांगितलं. खोसियतने एरवी शिव्या घातल्या असत्या, पण तिने नुसती पाठ फिरवली. त्या दिवसापासून सालोमतला चहाला कुणी हाक मारली नाही.

नुस्रत ताश्कंदला निघाला तेव्हा दारात थांबला आणि सवयीने रोटीचा घास मोडायला हात पुढे केला. सालोमतने अख्खी रोटी फडक्यात बांधून त्याच्या हातात ठेवली.

"वाटेत खा. सगळी संपव," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.