माझं हुशार नाक

चिटगुप्प्याच्या सकाळच्या बसमध्ये एक बांगडीवाली रोज माझ्याच शेजारी बसायची. मी शाळेत विज्ञान शिकवते. झाडावरचं दगडफूल किंवा ओढ्यातले बेडूक नाहीसे झाले की हवापाणी बिघडलं समजायचं, हे मी तिलाही ऐकवायची. ती मान डोलवायची, पण बघायची माझ्या नाकाकडे. मी शिंकले की बाकीचे लोक अपशकुन झाल्यासारखं तोंड करायचे. ही मात्र "बरं झालं" म्हणून खिडकी लावायची आणि पदर नाकाशी धरायची. माझ्या शिकवणीनं तिची अंधश्रद्धा गेली, असं मला वाटायचं.

मग मी डॉक्टरांकडून शिंकांवर गोळी आणली. ती पहिल्यांदा घेतली त्याच सकाळी वाटेतल्या कारखान्याजवळ उग्र वास एकदम आत आला आणि तिचा दमा उसळला.

श्वास ताळ्यावर आल्यावर ती म्हणाली, "आज शिंकला न्हाई कामून, अक्का? तुमची शिंक आधी येती, वास मागनं येतो."

"म्हणजे तुम्ही माझं बोलणं ऐकायला बसत नव्हता?"

"ते बी ऐकते की. पण नाक लई हुशार हाय तुमचं."

बेडकाची जागा मला मिळाली होती. आता ती गोळी मी फक्त रविवारी घेते.