तुरेवाल्या टिबुकलीचा दुसरा साक्षीदार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, पुढे जरा जड जाईल. मला गेलं. आणि चूक कोणाची? शंभर टक्के माझी. दुसऱ्यावर ढकलायला मी खूप जागा शोधली, सापडली नाही!

कोराडीच्या वीज केंद्रात मी तेहतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली. दर तासाला मीटर बघायचं आणि लॉगबुकात आकडा लिहायचा. न बघता आकडा टाकला असं एकदाही झालं नाही. असा मी नेमाचा माणूस! निवृत्त झालो आणि तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, "काय जी, दिवसभर माह्याच मागं मागं फिरून राहिले. मी भाजीत मीठ टाकलं का नाई, हेही वहीत लिहून घेता का आता?"

म्हणून मी पक्षीमित्र मंडळात नाव घातलं.

मंडळ म्हणजे बारा-तेरा जण. पुढारी बोकडे सर, भूगोलाचे निवृत्त मास्तर, वय चौऱ्याहत्तर. हिवाळ्यातल्या दर रविवारी कुहीच्या वाटेवरच्या एका तळ्यावर जायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा रिवाज. पक्षी मोजायचे, निळ्या वहीत लिहायचे. आणि सचिव मृणाल, बँकेत नोकरीला. वयाने माझ्या मुलीएवढी, पण नियमाला एकदम कडक.

पहिल्याच रविवारी घोटाळा सुरू झाला. सर म्हणाले, "थ्या बाभळीच्या दुसऱ्या फांदीवर पाहा, डावीकडं." सगळे म्हणाले, "दिसला, दिसला!" मी दुर्बीण लावली. आत काय? चष्म्यातून एक काळं वर्तुळ आणि माझ्याच पापण्या! पक्षी राहू द्या, मला बाभूळ सापडेना.

आता या मंडळाची एक पद्धत ऐका. नव्या माणसाला पक्षी दिसल्याशिवाय कोणी पुढे पाऊल टाकायचं नाही. सरांचाच नियम. बारा माणसं थंडीत हात चोळत माझ्यासाठी उभी. सर मायेने विचारत होते, "मेश्राम, दिसला का गा?"

पाच मिनिटं झाली. कोणीतरी खोकललं, कोणीतरी पोह्यांची आठवण काढली. तुम्ही असता तर काय केलं असतं?

"हाव सर, दिसला! काय सुंदर आहे!"

सगळे खूश झाले आणि पुढे निघाले. मग काय, सवयच लागली. 'दिसला का' विचारायच्या आत माझं 'दिसला' तयार! डिसेंबरअखेर माझ्या नावावर एकशे बारा जातींचे पक्षी होते. त्यातले खरोखर बघितलेले म्हणाल तर कावळा, चिमणी, कबुतर आणि म्हशीच्या पाठीवरचा बगळा. मंडळात मात्र बोलबाला झाला की मेश्राम काकांची नजर म्हणजे नजर!

आणि खरी नजर ज्यांची, त्या सरांच्या डोळ्यांत तेवढ्यात मोतीबिंदू उतरला.

एकदा त्यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या काळ्या डब्याला बदक समजून आम्हाला दहा मिनिटं श्वास रोखून उभं केलं. मला तर तोही दिसला नव्हता, पण मी म्हणालो, "नर आहे वाटतं!" परत येताना गाडीत मागच्या सीटवर कुजबुज झाली की आता सरांनी आराम करावा, मोजणी मृणालकडे द्यावी. सरांनी ऐकलं. खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "डोळे गेले असं मले वाटलं ना, तं मी सोताच थांबीन. तुमाले सांगा लागणार नाई."

त्यानंतर दोन आठवड्यांनी ते झालं.

जानेवारीतला रविवार. मंडळी बांधावर पोहे खायला गेली होती. माझा गुडघा धरला होता म्हणून मी सरांजवळ काठावर थांबलो. एकदम सरांनी माझं मनगट पकडलं.

"मेश्राम! तळ्याच्या मधात पाहा! तुरेवाली टिबुकली!"

टिबुकली तुम्ही पाहिली असेल, तळ्यात बुडी मारणारा तो चिमुकला पक्षी. ही तिची मोठी, लांब मानेची बहीण. या तळ्यावर कोणीच कधी पाहिलेली नाही.

"तीस वर्षं वाट पाहून राहिलो गा मी इची," सर म्हणाले. "दिसली का?"

मी दुर्बीण लावली. पापण्या!

"दिसली सर!"

बाकीचे धावत येईपर्यंत तिने बुडी मारली, आणि मग धुक्यात कोणालाच काही सापडलं नाही. पण सरांना फिकीर नव्हती. मला म्हणाले, "तू होता म्हणून बरं झालं. माह्या एकट्यावर कोणी इश्वास नसता ठेवला."

मंडळाचा नियम असा, की दुर्मीळ पक्ष्याला दोन साक्षीदार पाहिजेत. दोघांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळ्या कागदांवर वर्णन लिहायचं. जुळलं तर नोंद पक्की, नाही तर बाद. मी घाबरलो का? मुळीच नाही. घरी पक्ष्यांचं पुस्तक होतं. तुरेवाल्या टिबुकलीचं मोठं रंगीत चित्र होतं. परीक्षेला बसल्यासारखं पाठ केलं!

शनिवारी संध्याकाळी बैठकीत मृणालने आम्हाला दोन कोपऱ्यांत बसवलं. कागद गोळा केले. आधी सरांचा वाचला. "डोकं वरून काळं. गाल आणि मान पांढरी. चोच गुलाबी. दोन मिनिटं पाहिली."

मग माझा. "डोक्यावर दोन डौलदार तुरे. गळ्याभोवती तांबूस-काळी भरघोस झालर."

आमच्यातल्या कोणीच हा पक्षी आधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे खरं-खोटं कोणाला कळेना. मृणाल म्हणाली, "काका, झालर नक्की होती?"

इथे तरी तोंड उघडायचं की नाही? पण सगळे माझ्याकडे बघत होते, त्या एकशे बारा पक्ष्यांसकट! मी म्हणालो, "भरघोस."

मागून कोणीतरी हळूच बोललं, "सरांच्या डोळ्यांचं आता..."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता हे पेटणार. ते उठले, मृणालच्या हातातून स्वतःचा कागद घेतला, त्याची नीट घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "माह्या डोळ्यात मोतीबिंदू आहे बाई. नोंद कापून टाक. पुढच्या रविवारपासून मोजणी तू घे."

मी काय केलं म्हणता? सुटलो म्हणून घरी आलो. खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं.

घरी बायको पुस्तक चाळत बसली होती. मी मोठ्या ऐटीत तिला चित्र दाखवलं. ती चित्राखालचं बारीक वाचायला लागली. "काय जी, इथं तं लिहिलं आहे का झालर उन्हाळ्यात येते म्हणून. हिवाळ्यात नसते. मान पांढरी राहते."

मी फक्त चित्रच पाठ केलं होतं हो!

आणि मग डोक्यात उजेड पडला. हे सरांना माहीत नव्हतं? तीस वर्षं त्या पक्ष्याची वाट बघणाऱ्या माणसाला? एक वाक्य बोलले असते तर माझी सगळ्यांसमोर पोलखोल झाली असती. माझी अब्रू राहावी म्हणून त्यांनी आपला पक्षी सोडला, आपलं तळं सोडलं. मला जेवण गेलं नाही. तेहतीस वर्षांत लाज वाटावी असं एक काम केलं नव्हतं, आणि केलं ते कशासाठी, तर पोह्याला उशीर होऊ नये म्हणून!

पुढच्या बैठकीत मी उभा राहून सगळं कबूल केलं. बाभळीपासून टिबुकलीच्या झालरीपर्यंत. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सर आले नव्हते, त्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. मृणालने शांतपणे माझ्या एकशे आठ पक्ष्यांवर काट मारली. "पण काका, सरांची नोंद आता परत नाही होणार. दुसरा साक्षीदारच नाही ना."

मग तिने माझी दुर्बीण मागितली. एकदा डोळ्याला लावून पाहिली आणि दोन्ही रबरी कडा मागे दुमडून दिल्या. "चष्मा असला की ह्या दुमडायच्या असतात. विचारायचं ना काका!"

मी खिडकीबाहेर पाहिलं. तारेवर एक साळुंकी बसली होती. तिच्या डोळ्यामागचा पिवळा डाग दिसला, पायाची नखंसुद्धा दिसली. मी दुर्बीण लवकर खाली घेतलीच नाही, कारण डोळे भरून आले होते आणि लोक बघत होते.

त्यानंतर मी रोज सकाळी बस धरून तळ्यावर जायला लागलो, एकटाच. सरांपुढे रिकाम्या हाताने कसं जाणार? गुडघा बोंबलत होता, बायको बोंबलत होती. सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी, ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं, आणि तळ्याच्या मधोमध ती वर आली. पांढरी मान! काळी टोपी! माझी मी पाहिली, स्वतःच्या डोळ्यांनी!

तडक सरांच्या घरी गेलो. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी आधी पाय धरले, माफी मागितली. मग मी धापा टाकत सांगितलं, "सर, आहे ती! तुम्ही खरे होते! आज पाहिली मी!"

सर ताठ बसले. "मान कशी होती?"

"पांढरी, सर. लांब."

"चोच?"

"गुलाबी."

"डोळा?"

"लाल. आणि बुडी मारली तर अर्धं मिनिट वर आली नाही, मी घड्याळ लावून बघितलं!"

सरांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. हळूहळू मान हलवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने विचारलं,

"पुस्तकातलं पान कोणतं गा?"