व्याह्यांच्या खिशातला चुंबक

मुलीच्या लग्नाआधीच्या मंगळवारी आम्ही शिरूरच्या बाजारात रुखवतासाठी तांब्याचं घंगाळ घेतलं. चार हजार दोनशे रुपये, वजन करून, रोख. हजर मी, आमची ही आणि मेहुणा. पावती आजही माझ्यापाशी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्यांच्याविषयी लिहायचं आहे ते गृहस्थ तांब्यापुढे नातं, वेळ आणि जेवण तिन्ही विसरतात. असा दुसरा माणूस जिल्ह्यात नसावा. ते माझे व्याही.

व्याही खुटबावचे. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. उमेदीची वर्षं मोटारी भरण्यात गेली, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची नवी तार गुंडाळण्यात. दुकान बंद झालं, तांबं काही सुटलं नाही. पाणी रात्रभर तांब्यात ठेवलेलंच प्यायचं. डाळिंबावर मारायचं मोरचूद म्हणजेही तांबंच, म्हणून विहीणबाई ओरडेपर्यंत ती निळी पिशवी देवघराला टेकून होती. मात्र आंबट पदार्थ आणि तांबं यांचं वैर ते स्वतःच्या वैरासारखं पाळतात. सुपारी फुटली त्या दिवशी आमच्या हिने हौसेने तांब्याच्या पेल्यांतून ताक दिलं. आप्पांनी आत डोकावून पाहिलं, कल्हई दिसली नाही, तेव्हा चारही पाहुण्यांच्या हातातले पेले काढून घेतले आणि कढीपत्त्याच्या बुडाशी ओतले. ताक कळकतं, एवढंच म्हणाले. सोयरीक टिकली हे आमच्या हिचं मोठेपण. जावयाने शिक्रापूरला कंपनीजवळ खोली घेतली, तर आप्पांनी पहिल्याच भेटीत स्विचबोर्ड उघडला. आत ॲल्युमिनियमची तार निघाली. मालक तांब्याची तार टाकून देईपर्यंत ते बाहेरच्या पायरीवर, ट्रकांच्या धुळीत, उपाशी बसून राहिले. मालक संध्याकाळी हरला.

त्यांच्या खिशात कायम एक चुंबक असतो, जुन्या स्पीकरचा, चपटा गोल. तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. वढू बुद्रुकला समाधीचं दर्शन घेऊन आम्ही बाहेर आलो, तेव्हा ते एका दुकानात हातात घालायची तांब्याची कडी तपासायला थांबले. एकालाही चुंबक चिकटेना. दुकानदार हुशार निघाला. "पाव्हण्यांनी तपासलेलं कडं" असं म्हणत त्याने गिऱ्हाईक गोळा केलं, आणि आप्पा तासभर फुकट तपासत उभे राहिले. आम्ही गाडीत घामाघूम.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं. आप्पा चुंबक घेऊन येणार हे मला ठाऊक होतं, आणि पावती खिशात असल्यामुळे मी निश्चिंत होतो. कळशीला चिकटला नाही. तांब्या-भांड्याला नाही. घंगाळाच्या पोटाला लावला, आणि तो टक्कन बसला.

मी शेजारीच होतो. मागे त्यांची थोरली बहीण चार बायका घेऊन उभी होती. उणं काढण्यात तिचा हात धरणारं खुटबावात कोणी नाही. ती म्हणाली, "का रं आप्पा, चिकटलं व्हय?"

पोरगी अजून बोहल्यावर चढायची होती. "लोखंडाच्या घंगाळाची सून" हे नाव तिला जन्मभर पुरलं असतं.

आप्पांनी चुंबकावर तळवा ठेवला, तसाच सरकवत वर कडीपर्यंत नेला आणि मग हात काढला. "कडीला चिकटलं, आक्का. कडी लोखंडाचीच आसती. भांडं अस्सल हाय."

दुकानदाराशी भांडायला मी दुसऱ्याच दिवशी निघालो होतो. आप्पांनी फोनवर अडवलं. "भांडलात की गावभर हुईल. मी तांबं म्हणलोय न्हवं? मग ते तांबं हाय."

आणि त्या दिवसापासून त्यांनी ते तांबं करूनच दाखवायचं ठरवलं. दुसऱ्या कुणाच्या हाताला कळू नये म्हणून घंगाळ रोज स्वतः घासायचं, चिंच आणि मीठ लावून. जितकं घासत तितका मुलामा जाई. यंदा बुडाशी काळं लोखंड उघडं पडलं. मी गुपचूप अस्सल घंगाळ आणतो म्हणालो, तसंच नाव घालून. ते नाही म्हणाले.

"नात ह्यात न्हालीय, पाव्हणं. बदलायचं म्हंजी काय?"

तेव्हा मागच्या महिन्यात आम्ही दोघं ते पोत्यात गुंडाळून शिक्रापूरला मुलामा देणाऱ्याकडे घेऊन गेलो. त्याने विचारलं, आजोबा, आतून लोखंड आहे, माहीत आहे ना? आप्पा हमरस्त्यावरच्या ट्रकांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वरनं जाड दे."

मुलाम्याचे साडेसहाशे झाले. मी पाकीट काढलं, त्यांनी माझा हात बाजूला केला आणि पैसे कारागिराच्या हातावर ठेवले. सवयीने मी पावती मागणार होतो, पण मागितली नाही. सुटे पैसे काढायला आप्पांनी खिसा उलटा केला होता, तेव्हाच दिसलं. त्या दिवशी ते चुंबक घरीच ठेवून आले होते.