रांगोळी नसलेलं दार

साताऱ्यात मी कधी वाट चुकले नाही. मान वर केली की अजिंक्यतारा दिसायचा आणि पायांना आपोआप घर कळायचं. लग्न होऊन कुंभकोणमला, इथल्या एका पिढीजात मराठी घरात आले, तर इथे डोंगर औषधालाही नाही. गोपुरं मात्र जिकडे पाहावं तिकडे. एकावर भरवसा ठेवावा तर ते भलत्याच देवळाचं निघायचं. त्यात आमच्या गल्लीतली घरं सगळी सारखी, तेच दोन खांब, तोच ओटा, तेच कावेचे तांबडे पट्टे. माझ्या डोक्याने मला न विचारताच एक खूण धरून ठेवली होती, सासूबाईंची रांगोळी. त्यांचा हात कापायचा, म्हणून ठिपक्यांची शेवटची ओळ रोज डावीकडे घसरायची. ती दिसली की मी आत शिरायचे. दार कसं आहे ते कधी पाहिलंच नव्हतं.

त्रेपन्न-चौपन्न साल असेल, लग्नाला चार महिने झाले होते. ह्यांना ताप भरला, तो सहा दिवस उतरेना. सातव्या दिवशी अंधारातच मी तळ्यापलीकडच्या वैद्यांकडे गेले आणि उजाडताना काढा घेऊन आले. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, मागे फिरले, पुन्हा गेले. दारोदारी रांगोळ्या होत्या, आमची कुठेच नव्हती. काढा निवत चालला होता. राहत्या गल्लीत मला माझं घर सापडेना.

ओट्यावर बसलेल्या एका मामींनी, इथे पोक्त बायकांना मामीच म्हणतात, विचारलं, "यार वीडु?" कुणाचं घर, एवढं तमिळ मला कळत होतं. पण उत्तर द्यायचं म्हणजे ह्यांचं नाव घ्यायचं. बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं आईने बजावलेलं. उखाण्यापुरती काय ती सूट. आणि हे तर तापात पडलेले. मी हातवारे केले, मामींना काही उमगेना. शेवटी डोळे मिटले आणि ते नाव ओरडलेच.

मामींनी समोरच्या दाराकडे बोट केलं. त्याच दारावरून मी तीनदा गेले होते. पुढे ना सडा, ना रांगोळी. दारात रांगोळी केव्हा घालत नाहीत, ते मला ठाऊक होतं. घरातलं माणूस गेलं की. मी नाव घेतलं आणि हे गेले, असंच मला वाटलं. रांगोळी त्याआधीपासूनच नव्हती, हे भीतीला कुठलं सुचायला!

आत सासूबाई भिंतीला टेकून झोपल्या होत्या. चाहुलीने दचकल्या. "ताप उतरला गे पहाटे, तूं गेल्यावर. मग डोळा लागला मला, रांगोळी घालणें राहिलें."

ह्यांच्या कपाळाला हात लावला. घामाने ओलं आणि गार होतं. मला रडूच फुटलं. ह्यांनी डोळे उघडले.

"बाहेर माझें नांव घेऊन कोण ओरडलें गे?"

"समोरच्या मामी," मी म्हटलं, आणि रांगोळीचा डबा घेऊन दारात गेले.