वेशीच्या आतलं विद्यापीठ

परशुराम माझा चुलतभाऊ, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा हक्क माझा घरचाच. महाहट्टी माणूस. ठाण्यातल्या आमच्या बाळकुम गावात वेशीला नारळ द्यायचा मान त्याच्या घराला, थेट आजोबांपासून. होळीआधी हा वेशीच्या दगडाला शेंदूर लावणार, नारळ फोडणार, मग गाव सुखरूप. तो दगड आता दोन टॉवरच्या मधे, दुधाच्या टपरीला खेटून उभा आहे. पण परशुरामच्या लेखी वेस म्हणजे वेस.

सरकारी तंत्रज्ञान विद्यापीठाला ठाण्यात उपकेंद्र काढायचं होतं आणि कुणी जागा देत नव्हतं, तेव्हा ह्यानेच पंचांशी भांडून समाजमंदिराचा वरचा मजला मिळवून दिला. खाली लग्नं, वर इंजिनिअरिंग. खाली बेंजो सुरू झाला की वर प्राध्यापक नुसते फळ्यावर लिहायचे, बोलून उपयोगच नसायचा. लेथ मशीन आली ती मांडवाच्या भांड्यांशेजारी ठेवली, तर वऱ्हाडातल्या एका म्हातारीने तिलाही हळदकुंकू वाहिलं. आम्ही हसायचो. पण पोरं वाढत गेली, दोनाच्या चार शाखा झाल्या, वर्ग पार राइस मिलच्या शेडपर्यंत पसरले. मग परशुराम मंत्रालयात खेटे घालू लागला. खाडीकडच्या जुन्या मिठागरावर विद्यापीठाची स्वतःची इमारत उभी राहिली. त्यात ह्याच्या किती चपला झिजल्या ते मला ठाऊक आहे, पण त्याच्या तोंडावर मी ते कधी बोलणार नाही. आधीच कमी का चढलाय?

त्याची मुलगी करिश्मा ह्याच विद्यापीठात शिकली. आमच्या घराण्यातली इंजिनिअर होणारी पहिली मुलगी. शहाडचं स्थळ आलं, मुहूर्त निघाला. मंगळवारी हळद, बुधवारी संध्याकाळी लग्न. बुधवारी सकाळी तिचा शेवटचा पेपर होता, पण परीक्षा अजून समाजमंदिरातच व्हायच्या. परशुराम म्हणाला, त्यात काय, पोर जिना चढेल, पेपर लिहील आणि खाली उतरेल. पत्रिका वाटून झाल्या आणि विद्यापीठाने कळवलं, की ह्या वेळची परीक्षा नव्या इमारतीत.

झालं! नवी इमारत वेशीबाहेर. आमच्यात हळद लागलेली नवरी वेस ओलांडत नाही, ओलांडते ती सासरी जातानाच. पेपर चुकला तर वर्ष जाणार, आणि लागलेली नोकरीही. उलट वेस राखणाऱ्याचीच पोर वेस मोडते म्हटल्यावर गाव गप्प बसतंय होय? मी म्हटलं, इमारत आणायला तूच गेलेलास ना, आता भोग. तो तसाच ताटावरून उठला. करिश्मा बिचारी नुसती अभ्यास करत होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी तो आवडाबाईकडे गेला. आवडाबाई आमची धवलारीण, लग्नात धवले गाणारी. आमच्या लग्नात तिचा शब्द भटजीच्याही वर. मीही सोबत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं, पान जमवलं, तोंडात टाकलं.

"वेस देवानी नाय आखली, तुजे आज्यानी आखली," ती म्हणाली. "गाव मोठा झाला, तं तू सरकव."

मंगळवारी सकाळी, हळदीच्या आधी, परशुराम नारळ-शेंदूर घेऊन नव्या इमारतीकडे निघाला. मागे अर्धं गाव. गाव जागा परत मागायला आलंय असं वाटून केंद्रप्रमुख मैथिली मॅडम धावत बाहेर आल्या. कारण कळल्यावर त्याही आमच्याबरोबर चालू लागल्या. विद्यापीठाच्या मागच्या भिंतीपलीकडे, खाडीच्या कडेला परशुरामने नवा दगड रोवला. शेंदूर लावला, नारळ फोडला. मॅडमनी हात जोडले, खोबरं घेतलं.

बुधवारी करिश्मा हळदीच्या अंगाने, हातभर हिरव्या चुड्यानिशी पेपरला गेली. बेंजो गेटपर्यंत वाजत गेला आणि तिथे थांबला. आम्ही बाहेर उन्हात बसून राहिलो. परशुराम पाणीसुद्धा पिईना.

पेपर संपला तशी ती बाहेर आली, सरळ बापाकडे. बेंजोवाल्यांनी लगेच वाजवायला घेतलं.

"पेपर गावातच झाला, आबा," ती म्हणाली. "चांगला झाला. आता वेस ओलांडीन ती संध्याकाळीच."

आमचा हा हट्टी माणूस गेटाला धरून ढसाढसा रडायला लागला. बेंजोवाल्यांना वाटलं पोरीचा पेपर गेला, त्यांनी वाजवणंच बंद केलं. मी डोळे पुसले आणि ओरडलो, अरे वाजवा रे, इंजिनिअर झाली ती.