पंख्यापलीकडचं शून्य

हवेचा प्रवाह संगणकावर तपासताना पंखा रेखाटावा लागत नाही. पाती नाहीत, मोटर नाही, घरघर नाही. भिंतीवर एक गोल निवडायचा, हवा कुठल्या दिशेला जाणार ते सांगायचं, पंखा दाब किती वाढवतो ते भरायचं आणि बाहेरचा दाब शून्य ठेवायचा. माझं जग तिथं संपतं. कारखान्याच्या पेंट शॉपमधली रंगाची धूळ निळ्या बाणांबरोबर त्या गोलापर्यंत येते आणि नाहीशी होते.

पंखा बसला, चालू झाला. आज सहज भिंतीच्या मागे गेलो, तर तिथं वॉचमनची खोली. त्याची बायको तान्ह्याला कडेवर घेऊन कपडे वाळत घालत होती, एकूण एक उलटे करून.

“उन्हानं विटतात म्हणून का, वहिनी?”

तिनं हनुवटीनंच वरचा पंखा दाखवला. “त्यातनं बारीक रंग उडतोय की, साहेब. आतल्या बाजूला बसला म्हंजे दिसत नाही.”

शून्य भरताना माझा हात कधी अडखळला नव्हता. गणिताला कुठंतरी थांबावंच लागतं. आपणही केर उंबऱ्याबाहेर लोटतो आणि घर स्वच्छ झालं म्हणतो. ते ‘बाहेर’ कुणाचं तरी अंगण असतं, एवढंच.

दोरीवरचं एक झबलं वाळलं होतं. तिनं ते काढलं, दोनदा झटकलं, सुलट केलं. रंग बसलेली बाजू आत गेली. मग तिनं ते बाळाच्या अंगात घातलं.