हळदीची पुडी घेऊन गेलेली वहिनी

वहिनी गिऱ्हाइकाला हसायला सांगत नसे. "हसू येत नाई तं नका हसू, पण तोंड वाकडं करू नका," असं ती नवरदेवालाही सुनवायची आणि तो गुमान सरळ बसायचा. कारंज्यात आमच्या दादाच्या नावाने फोटो स्टुडिओ. फोटो काढणं, ते कॉम्प्युटरवर नीट करणं, अल्बम जुळवणं सगळं वहिनीचं. दादा पाटीखाली खुर्ची टाकून बसायचा.

तिचा जीव रंगात. हळदीच्या फोटोतला पिवळा जरा नारिंगी दिसला तर ती जेवायचीसुद्धा नाही. "पोरीले गोरी करून द्या," म्हणणाऱ्या एका आईला तिने विचारलं, "काऊन? अशी पोरगी तुमची नाई का?" त्या बाई तणतणत गेल्या. नातवाच्या बारशाला पुन्हा हिलाच बोलवायला आल्या.

जुना कॉम्प्युटर रखडू लागला तेव्हा त्याचे भाग बदलायला दादा, वहिनी आणि मी, तिची नणंद, वर्ध्याला गेलो. तिचं ठरलेलं होतं. स्क्रीनवर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड मधल्या प्रतीचं पुरे, फोटोला आणि रोजच्या कामाला जास्तीचं लागत नाही. त्यात जे वाचेल त्यातून खरा रंग दाखवणारा स्क्रीन घ्यायचा. पिशवीतून हळदीची पुडी काढून ती एकेका स्क्रीनवरच्या फोटोशेजारी धरून पाहू लागली. दुकानदार हसला. दादाही हसला, आणि ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

"भाऊ, हे न्या. गेमवाले हेच नेतात," दुकानदाराने दादापुढे दिवे लुकलुकणारं भलंमोठं कार्ड ठेवलं.

"मशीनवर मले बसाचं आहे, मले सांगा," वहिनी म्हणाली. "अन् आमच्या कॉम्प्युटरच्या डब्यातला पॉवर सप्लाय लहान आहे. एवढी वीज पुरवणं त्याले झेपणार नाई."

"तू थांब ना जरा, आम्ही बोलून राह्यलो," दादा म्हणाला.

चारचौघांत बायकोचं ऐकलं तर नाक कापलं जातं, असली ही अक्कल. दिव्यांचं कार्ड घरी आलं. स्क्रीन जुनाच राहिला.

लग्नसराईत व्हायचं तेच झालं. काम रंगात आलं की वीज न पुरून मशीन फटकन बंद. अल्बम रखडले, घाईत छापलेल्या हळदी नारिंगी निघाल्या. लोक भांडायला आले तेव्हा दादा तिच्यासमोर म्हणाला, "बाईले नवी मशीन जमत नाई."

वहिनी मशीनपुढच्या खुर्चीवरून उठली, ती त्या खुर्चीवर परत बसली नाही. पुढच्या आठवड्यापासून ती एसटीने आर्वीला दुसऱ्याच्या स्टुडिओत जाऊ लागली. मी दादाशी कडाकडा भांडले. आई मलाच म्हणाली, "घरातलं घरात ठेव."

दादाने नंतर मोठा पॉवर सप्लाय बसवून घेतला, गुपचूप. आता मशीनवर तोच बसतो. फोटोतले जे चेहरे त्याला नीट करायला जमत नाहीत ते तो लॅपटॉपवर घालून संध्याकाळी, वहिनी एसटीतून उतरून हातपाय धुते न धुते तोच, तिच्यापुढे ठेवतो. "काऊन करून देतेस?" मी चिडून विचारलं. "लोकायच्या चेहऱ्याचा काय गुन्हा?" एवढंच बोलून ती कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक अल्बम उघडून म्हणतं, "भाऊ, तुमचा हात लय साफ आहे."

"सराव लागते," दादा सांगतो.